कुणाकडून, कशावर आणि किती: करपद्धतींच्या न्यायाबद्दल एका कर सल्लागाराचं उत्तर

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "माझ्या पगारातून दर महिन्याला टीडीएस कापला जातो. माझ्याच गावातला मोठा बागायतदार एक रुपया आयकर भरत नाही. शेअर बाजारात कमावणारा मित्र माझ्यापेक्षा कमी भरतो. मग सगळे कर रद्द करून बँक व्यवहारांवर दोन टक्के कर लावा, असं म्हणणाऱ्यांचं काय चुकतं? की सगळ्यांना एकच सपाट दर असावा? की फक्त खर्चावर कर असावा? की संपत्तीवर? यातली खरी न्याय्य पद्धत कोणती?"

मी इचलकरंजी-कोल्हापूर भागात अनेक वर्षं कर सल्लागार म्हणून काम करतो. यंत्रमागवाले, गुळाचे व्यापारी, प्रोसेस हाउसमधले (कापड धुऊन-रंगवून देणाऱ्या कारखान्यांतले) पगारदार, डॉक्टर, निवृत्त शिक्षक, सगळ्यांची विवरणपत्रं हाताखालून जातात. त्यामुळे पुस्तकी व्याख्या बाजूला ठेवून मी दोनच कसोट्या लावतो. पहिली, कर शेवटी नेमका कुणाच्या खिशातून जातो आणि तो गेल्यावर त्याच्याकडे जगायला काय उरतं. दुसरी, ज्या गोष्टीवर कर लावायचा ती प्रामाणिकपणे मोजता येते का. कागदावर सुंदर दिसणारा पण मोजता न येणारा कर खरं सांगणाऱ्यावरच बसतो आणि लपवणारा सुटतो. "सगळ्यांना सारखा दर" हा न्यायाचा पुरावा नाही, हे माझं मत सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

बँक व्यवहार करापासून सुरुवात करू, कारण महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. अनिल बोकील आणि त्यांच्या अर्थक्रांती गटाने छत्रपती संभाजीनगरहून (तेव्हाच्या औरंगाबादहून) मांडलेला हा प्रस्ताव गावोगावच्या व्याख्यानांतून पोचला. आयात शुल्क सोडून बाकी सगळे कर रद्द करायचे, मोठ्या नोटा काढून घ्यायच्या आणि बँकेत ज्याच्या खात्यावर पैसे जमा होतात त्याच्याकडून समजा दोन टक्के कापायचे. ते पैसे केंद्र, राज्य, स्थानिक स्वराज्य संस्था आणि बँक यांच्यात वाटायचे. रोखीच्या व्यवहाराला कर नाही, पण मोठ्या रोख व्यवहाराला कायद्याचं संरक्षणही नाही. या मांडणीतलं एक मोठं बळ मी मान्य करतो. विवरणपत्र नाही, नोटीस नाही, अधिकाऱ्याच्या दारात उभं राहणं नाही. छोट्या माणसाला करापेक्षा कराच्या कागदांचा जाच जास्त होतो, हे मी रोज पाहतो. लोकांना करांबद्दल बोलतं केलं, याबद्दल या मंडळींचं ऋण मानायला हवं.

पण आता हा कर कापडाच्या धंद्यात चालवून पाहा. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, साखळी मात्र खरी आहे. शेतकऱ्याने कापूस १०० रुपयांना विकला. व्यापाऱ्याने तो जिनिंगवाल्याला ११० ला दिला. जिनिंगवाल्याने सूतगिरणीला १३० ला, सूतगिरणीने यंत्रमागवाल्याला २०० ला सूत विकलं. यंत्रमागवाल्याने कोरं कापड २६० ला प्रोसेस हाउसला, प्रोसेस हाउसने घाऊक व्यापाऱ्याला ३२० ला, त्याने तयार कपडे करणाऱ्याला ३६० ला, त्याने दुकानदाराला ५२० ला आणि दुकानदाराने तुम्हाला ७०० ला दिलं. प्रत्येक वेळी पैसे बँकेत जमा झाले आणि दोन टक्के कापले गेले. सगळ्या जमा रकमांची बेरीज २,७०० रुपये, त्यावर कर ५४ रुपये. म्हणजे ७०० रुपयांच्या कपड्यावर पावणेआठ टक्क्यांच्या आसपास.

आता दुसरी कंपनी घ्या. ती कापूस थेट शेतकऱ्याकडून घेते, सूत, कापड, प्रोसेस, शिलाई सगळं एकाच छताखाली करते आणि स्वतःच्या दुकानात विकते. तिथे बँकेत पैसे दोनदाच जमा होतात, १०० आणि ७००. कर १६ रुपये, म्हणजे सव्वादोन टक्के. तोच कपडा, तीच किंमत, आणि करात तिपटीहून जास्त फरक. इचलकरंजीसारखं गाव उभंच आहे ते कामाच्या तुकड्यांवर: सायझिंग (सुताला खळ लावणं) वेगळ्याचं, माग वेगळ्याचे, प्रोसेस वेगळ्याची, मध्ये सुताचे दलाल. बँक व्यवहार कर या गावाला सांगतो की तुमची विभागणी हाच तुमचा दोष. छोट्या माणसाला वाचवण्यासाठी आणलेला कर छोट्यालाच गिळतो. दर कडीला करावर कर चढू नये, म्हणून तर २००५ साली महाराष्ट्रात विक्रीकर जाऊन व्हॅट आला.

दुसरी अडचण नफ्याच्या पातळीची. गुळाच्या घाऊक व्यापाऱ्याची उलाढाल समजा पाच कोटी आणि त्यात हातात राहणारे दोन टक्के, म्हणजे दहा लाख. जमा रकमेवर दोन टक्के कर म्हणजेही दहा लाखच. त्याच शहरातला एखादा सल्लागार वर्षाला ५० लाख फी घेतो, खर्च किरकोळ. त्याचा कर एक लाख. व्यापारी भाव वाढवून थोडा भार पुढे ढकलेल हे खरं, पण तो ढकलला जाईल गूळ खाणाऱ्यावर आणि दाबला जाईल ऊस पिकवणाऱ्यावर. वरून दर सारखा दिसतो. प्रत्यक्षात कर कुणाच्या पूर्ण नफ्याएवढा असतो आणि कुणाच्या नफ्याच्या पन्नासाव्या भागाएवढा. आणि ज्याच्याकडे शंभर एकर जमीन किंवा शेअरची थप्पी नुसती पडून आहे, व्यवहारच नाही, त्याला काहीच लागत नाही.

असे प्रयोग झालेलेही आहेत. ब्राझीलमध्ये १९९७ ते २००७ बँकेतून निघणाऱ्या रकमेवर असा कर होता, दर शेवटी ०.३८ टक्के. पैसा चांगला जमला, चुकवणाऱ्यांचा मागही लागला, पण मुदत वाढवायचा ठराव डिसेंबर २००७ मध्ये तिथल्या सिनेटने फेटाळला. तिथेही तो बाकी करांच्या जोडीला होता, त्यांच्या जागी नव्हता. आपल्याकडे १ जून २००५ पासून चालू खात्यातून ठरावीक मर्यादेवर रोख काढली तर ०.१ टक्का कर होता. काळ्या पैशाचा माग काढायला तो आणला आणि १ एप्रिल २००९ पासून बंद केला. माझं मत असं की अगदी बारीक दराने, माग काढण्याचं साधन म्हणून हा कर चालतो. देशाचा सगळा खर्च त्यावर टाकायचा म्हटलं की तो अन्याय्य होतो.

यापेक्षाही सोपा कर म्हणजे डोईपट्टी, माणशी ठरावीक रक्कम. आपल्याकडे असं काही नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर पगाराची स्लिप काढा. "व्यवसाय कर" या ओळीत दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५०० रुपये दिसतील. प्रोसेस हाउसमधल्या ज्या कामगाराचा पगार महिना साडेदहा हजार आहे, त्याच्या स्लिपवर हीच रक्कम आहे. त्याच कारखान्याच्या मुख्य अधिकाऱ्याला महिना पाच लाख मिळतात, त्याच्या स्लिपवरही हीच. कामगाराच्या वर्षाच्या पगाराचे जवळजवळ दोन टक्के, अधिकाऱ्याच्या पगाराचा चोविसशेवा भाग. स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर यातून सूट मिळाली, ती योग्यच होती. पुरुष कामगाराला मात्र साडेसात हजारांच्या वर गेलं की हा कर सुरू होतो. वरची २,५०० ची मर्यादा घटनेच्या कलम २७६ मध्ये आहे. १९८८ च्या दुरुस्तीने ती २५० वरून २,५०० झाली आणि तिथेच थांबली. महागाई वाढत गेली तशी वरच्या पगारावर ती नगण्य झाली, खालच्यावर मात्र बोचत राहिली.

तरीही हा कर मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो, कारण त्याचा जन्म एका चांगल्या कारणासाठी झाला. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली. गावातल्या मजुराला मागेल तेव्हा काम द्यायचं, तर पैसा आणायचा कुठून? १९७५ चा व्यवसाय कराचा कायदा हे त्याचं एक उत्तर होतं. शहरातल्या पगारदाराने गावातल्या मजुराच्या कामासाठी वर्गणी द्यायची. पगारदारांनी ती दिली. दुकानांच्या घरपट्टीच्या बिलावर आजही "रोजगार हमी उपकर" असा वेगळा रकाना असतो. पैसा कशासाठी जातो हे माहीत असलं की माणूस कुरकुर न करता देतो, हे महाराष्ट्राने करून दाखवलेलं आहे. हेतू न्याय्य आणि आकारणी अन्याय्य, दोन्ही एकाच करात आहे. इंग्लंडमध्ये १९९० साली मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने माणशी सारखी पट्टी लावली तेव्हा लंडनमध्ये दंगल झाली आणि १९९३ मध्ये ती पद्धतच बदलावी लागली. आपला व्यवसाय कर लहान आहे म्हणून कुणी रस्त्यावर आलं नाही, एवढंच.

आता खर्चावरचा कर. यात मराठी माणसाने गोपाळ कृष्ण गोखल्यांची आठवण ठेवायलाच हवी. १९०२ च्या अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी सरकारला विचारलं की तिजोरीत शिल्लक वाढतेय आणि तरीही मिठावर मणामागे अडीच रुपये कर का? मीठ राजाही खातो आणि मजूरही, आणि जवळपास सारखंच खातो. १९०३ पासून तो दर टप्प्याटप्प्याने खाली आला, १९०७ पर्यंत एक रुपयावर. त्याच सुमारास आयकराची सुरुवात ५०० रुपयांऐवजी १,००० रुपये उत्पन्नापासून झाली. शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० मध्ये सत्याग्रह झाला तेव्हा लोकांना हे गणित कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

जीएसटी हा त्याच जातीचा कर आहे, पण मिठाच्या करापेक्षा कितीतरी शहाणा. मधल्या प्रत्येक टप्प्यावर आधी भरलेल्या कराची वजावट मिळते, त्यामुळे वर सांगितलेली करावर कराची साखळी तुटते आणि लहान-मोठ्यांत फरक राहत नाही. तरीही मूळ दोष उरतो. महिना १८,००० कमावणारं कुटुंब अठरा हजारच खर्च करतं. तीन लाख कमावणारं दीड लाख खर्च करतं आणि दीड लाख गुंतवतं. पहिल्याच्या पूर्ण कमाईवर कर बसण्याची शक्यता, दुसऱ्याच्या अर्ध्या. हा दोष कमी करायचा एकच मार्ग, गरजेच्या वस्तू शून्यावर किंवा अगदी खाली ठेवणं. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलं, वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विमा करमुक्त झाला. त्याआधी आठ वर्षं अंगाच्या साबणावर १८ टक्के आणि सोन्यावर ३ टक्के होते. सोन्यावर आजही ३ टक्केच आहेत. सोन्याचा दर वाढवला की चोरटा व्यापार वाढतो, हे कारण खरं आहे आणि ते माझ्या दुसऱ्या कसोटीत बसतं. पण गरिबाच्या साबणाला इतकी वर्षं थांबावं लागण्याचं समर्थन त्यातून होत नाही.

वजावटीची साखळी कुठे तुटते तेही पाहा. शेतकरी खतावर ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के जीएसटी भरतो. त्याच्या भाजीपाल्यावर, धान्यावर कर नाही, म्हणून भरलेल्या कराची वजावट त्याला कुणाकडून घेता येत नाही आणि भाव तर बाजार ठरवतो. हा कर त्याच्याच अंगावर राहतो. "शेतकरी कर भरत नाही" हे वाक्य म्हणूनच चूक आहे. तो आयकर भरत नाही, बाकी सगळं भरतो. पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावरचा राज्याचा व्हॅटही असाच अंगावर राहतो, रिक्षावाल्याच्या आणि टेम्पोवाल्याच्या.

"खर्चावरच कर लावा" याचा एक वेगळा, विचारी प्रकार होता. वस्तूवर नाही, तर माणसाच्या वर्षभराच्या एकूण खर्चावर, आणि तोही चढत्या दराने. १९५६ मध्ये निकोलस काल्डोर हे केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ भारतात आले आणि त्यांनी हे सुचवलं. माणूस समाजाच्या साठ्यात काय घालतो यापेक्षा काय काढून घेतो यावर कर असावा, हा त्यामागचा विचार. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींनी १९५७ मध्ये कायदा केला, १९६२ मध्ये तो गेला, १९६४ मध्ये परत आला, १९६६ मध्ये कायमचा गेला. खर्च मोजायचा कसा, हा प्रश्न सुटला नाही. कंपनीच्या खर्चाने फिरणाऱ्याचा खर्च कुणाचा धरायचा? आज आधार, पॅन, यूपीआय असताना मोजणं सोपं झालंय. पण प्रत्येक घरात कोण कशावर किती खर्च करतं हे सरकारने पाहावं, हे मला पटत नाही. त्यामुळे ही पद्धत मी बाजूला ठेवतो.

आयकराकडे येतो. ऐपतीनुसार कर ही कल्पना सर्वांत स्वच्छ इथे बसते. २०२५-२६ च्या नव्या पद्धतीत चार लाखांपर्यंत शून्य, मग ५ टक्क्यांपासून चढत २४ लाखांच्या वर ३० टक्के. १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर, शेअरच्या नफ्यासारखी विशेष दराची उत्पन्नं सोडली तर, सवलतीमुळे कर लागत नाही. सपाट दर मागणारे म्हणतात की चढता दर म्हणजे कष्टाला शिक्षा. पण चढत्या दराची भीती बऱ्याचदा गैरसमजातून येते. वरच्या टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यातल्या रुपयांना लागतो, सगळ्या उत्पन्नाला नाही. सपाट १५ टक्के लावले तर खालच्या माणसाचा कर वाढवूनच वरच्याचा कमी करता येतो, तिसरा रस्ता नाही.

दर किती चढवायचा यालाही मर्यादा आहे, आणि ती आपण अनुभवलेली आहे. १९७३-७४ मध्ये अधिभार धरून सर्वांत वरचा दर ९७.७५ टक्के होता. शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये हातात. काळ्या पैशाचा अभ्यास करणाऱ्या वांच्छू समितीने १९७१ मध्येच सांगितलं होतं की असे दर काळा पैसा जन्माला घालतात. पुढच्या वर्षी दर ७७ टक्क्यांवर आला. त्या काळात प्रामाणिक माणसाने भरलं आणि बाकीच्यांनी दोन वह्या ठेवल्या.

आजची मुख्य तक्रार दराची नाही. सारख्या कमाईला वेगवेगळा कर लागतो, ही आहे. तुमच्या प्रश्नाचं मर्म इथे आहे, म्हणून हिशोब मांडतो. तिघांचं वर्षाचं उत्पन्न ३० लाख, दुसरं काही उत्पन्न नाही, वर्ष २०२५-२६, नवी पद्धत. पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट देऊन कर होतो ४,५७,५००, त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ४,७५,८००. दुसऱ्याने वर्षापेक्षा जास्त काळ ठेवलेले नोंदणीकृत कंपन्यांचे शेअर विकून ३० लाख नफा कमावला. सव्वा लाख सोडून आणि न वापरलेली चार लाखांची मूळ मर्यादा वजा करून १२.५ टक्के, उपकरासह ३,२१,७५०. तिसऱ्याचं ३० लाख शेती उत्पन्न, त्याचा कर शून्य. शेअरवाल्याच्या बाजूने एक मुद्दा आहे: त्याने जोखीम घेतली आणि कंपनीने आधीच नफ्यावर कर भरलाय. तो मुद्दा थोडी सवलत पटवतो, दीड लाखांचा फरक मला पटवत नाही. पगारदाराला लपवायची सोय नाही म्हणून त्याच्यावर सर्वांत जास्त भार, ही आयकराची आजची खरी अडचण आहे.

आता बागायतदार. शेती उत्पन्न केंद्राच्या आयकरातून मुक्त आहे. त्यावर कर लावायचा अधिकार घटनेने राज्यांना दिलाय आणि राज्यं तो वापरायला धजत नाहीत. के. एन. राज समितीने १९७२ मध्ये शेतीच्या संपत्ती आणि उत्पन्नावर कराची मांडणी करून दिली होती. ती कपाटातच राहिली. एक बारकावा लोकांना माहीत नसतो: दुसरं करपात्र उत्पन्न असेल तर शेती उत्पन्न दर ठरवण्यापुरतं त्यात मिसळलं जातं, त्यामुळे नोकरी आणि शेती दोन्ही असलेल्याचा कर थोडा वाढतो. पण माझी खरी तक्रार खऱ्या बागायतदाराबद्दल कमी आहे. शहरातला धंदेवाला दोन एकरांत चाळीस लाखांची डाळिंबं दाखवतो, त्याच्याबद्दल जास्त आहे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या नावाने दिलेली सूट धंद्याचा पैसा धुवायला वापरली जाते. पाऊस, भाव आणि कर्ज यांच्या कचाट्यातल्या शेतकऱ्याला हात न लावता, समजा सलग तीन वर्षांची सरासरी घेऊन २५-३० लाखांच्या वरच्या शेती उत्पन्नावर कर लावता येईल. एका वर्षाच्या चांगल्या भावावर कर बसणार नाही आणि खोटं उत्पन्न दाखवणं महाग पडेल.

जमिनीवर कर कसा लावू नये, याचा धडा पुणे जिल्ह्यातच घडला. पेशवाई गेल्यावर १८२८-३० च्या सुमारास प्रिंगल नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने शेताचं निव्वळ उत्पन्न काढून त्याच्या ५५ टक्के सारा ठरवला. तत्त्व लंडनच्या अर्थशास्त्रातून घेतलेलं, शास्त्रशुद्ध. पण निव्वळ उत्पन्न मोजायचं कुणी? कारकुनांनी आकडे फिरवले, सारा डोईजड झाला, रयत जमिनी टाकून गेली. मग १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सिद्धान्त सोडून मातीची खोली, प्रत आणि गावाने आजवर खरोखर किती दिलं हे पाहिलं, सारा कमी केला आणि तीस वर्षांसाठी कायम केला. पडीक जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या. माझी दुसरी कसोटी मी इथून घेतली आहे. करदात्याला पुढची वर्षं आपल्याला किती भरायचंय हे आधी कळणं, हाही न्यायाचाच भाग आहे.

आजचा सारा म्हणजे शहरातली घरपट्टी. मुंबईत १ एप्रिल २०१० पासून ती भांडवली मूल्यावर, म्हणजे जागेच्या किमतीवर आहे आणि ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून माफी आहे. मला घरपट्टी बरीच न्याय्य वाटते. घर लपवता येत नाही आणि मेट्रो, रस्ता, पाणी आल्यावर जागेची किंमत वाढते त्यात मालकाचे कष्ट नसतात. समाजाने वाढवलेल्या किमतीतला वाटा समाजाने मागणं योग्यच. मुद्रांक शुल्क मात्र मला खटकतं, कारण ते घर बदलणाऱ्यावर बसतं, घर अडवून ठेवणाऱ्यावर नाही. त्यात नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. म्हणजे ३० लाखांच्या फ्लॅटला तीस हजार आणि पाच कोटींच्या फ्लॅटलाही तीस हजार. जकातीबद्दल, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरच्या कराबद्दल, फार लिहीत नाही. १ जुलै २०१७ ला मुंबईचीही जकात गेली, नाक्यांवरच्या ट्रकांच्या रांगा गेल्या आणि महापालिकेचं स्वतःचं मोठं उत्पन्न जाऊन ती राज्याच्या भरपाईकडे पाहू लागली.

राहिला संपत्तीचा प्रश्न, आणि इथे मी ठाम आहे. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ मध्ये वारसांकडे जाणाऱ्या मालमत्तेवर कर आला. वर जाऊन तो ८५ टक्क्यांपर्यंत पोचला, पळवाटा फुटल्या, आणि १९८५ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंग यांनी तो रद्द केला तेव्हा त्याचं उत्पन्न २० कोटींच्या आसपास होतं. संपत्ती कर १९५७ ला आला आणि २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. २०१३-१४ मध्ये त्यातून १,००८ कोटी जमले होते. दरवर्षी संपत्ती मोजून कर घेणं मला न्याय्य वाटत नाही. जुन्या वाड्यात राहणाऱ्या निवृत्त विधवेचं घर दोन कोटींचं असतं आणि पेन्शन वीस हजार. तिने दरवर्षी विटा विकून कर भरायचा का? वारशाचं तसं नाही. तो आयुष्यात एकदोनदा मिळतो, मिळणाऱ्याने त्यासाठी काही केलेलं नसतं, आणि त्या वेळी मालमत्तेची मोजदाद तशीही होते. आज पगारदाराला तीस लाख कमावल्यावर पावणेपाच लाख कर आहे आणि तीस कोटी वारशाने मिळाल्यावर शून्य. हे मी कुठल्याही कसोटीवर बसवू शकत नाही. जुन्या कायद्याचं अपयश दर ८५ टक्के ठेवण्यात आणि पळवाटा उघड्या ठेवण्यात होतं. मर्यादा उंच ठेवून, दहा-पंधरा कोटींच्या वर, दर दहा-पंधरा टक्के, राहतं घर आणि कसती शेती वगळून, हा कर परत आणायला हवा.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एका पद्धतीचं नाही. मुख्य भार चढत्या दराच्या आयकरावर, आणि त्यात पगार, शेअर आणि मोठी शेती यांच्या दरांतलं अंतर कमी. जीएसटी गरजेच्या वस्तूंवर शून्याजवळ. उंच मर्यादेचा वारसा कर. शहराचा खर्च भांडवली मूल्याच्या घरपट्टीतून. बँक व्यवहारांचा उपयोग कर म्हणून नको, माहिती म्हणून करा. ती माहिती आयकर खात्याकडे आता आहेच.

यातल्या दोन गोष्टी दिल्लीची वाट न पाहता मुंबईतच होऊ शकतात. व्यवसाय करातून महिना २५,००० पर्यंतच्या पुरुष कामगारांनाही सूट देणं विधिमंडळाच्या हातात आहे. वरची २,५०० ची मर्यादा वाढवायला मात्र घटनादुरुस्ती लागेल. दुसरी गोष्ट घरपट्टीची. साठीच्या पुढच्या, ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकाला दरवर्षी भरण्याऐवजी ती साठवत जाण्याची मुभा द्यावी, घरावर बोजा म्हणून नोंदवावी आणि विक्रीच्या किंवा वारसनोंदीच्या वेळी साध्या व्याजाने वसूल करावी. सातबाऱ्यावर बोजा चढवणं आणि उतरवणं आपल्या तलाठ्याला पिढ्यान्‌पिढ्या येतं. महापालिकेला तेच मिळकत पत्रिकेवर (शहरातल्या प्रॉपर्टी कार्डावर) करायचंय.